टाइपरायटरसारखे ड्रम आणि अलीकडचे डेथ मेटल

देवगडच्या एका आंबा बागायतदारांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. नव्वदच्या दशकात मुंबईत कॉलेजला असताना त्यांनी 'डेथ', 'मॉर्बिड एंजल' आणि 'ऑबिच्युअरी' या डेथ मेटल (जड गिटारी, वेगवान ड्रम आणि गुरगुरते गायन असलेला रॉकचा प्रकार) वाजवणाऱ्या बँडच्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या. पुढे गावी परतल्यावर बागेच्या व्यापात हे संगीत सुटले ते वीस वर्षे सुटलेच. आता मोबाइलवर आणि गाडीत नवे अल्बम लावून पाहिले, तर ड्रम टाइपरायटरसारखे वाजतात, सगळे बँड एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात आणि दहा मिनिटांत डोके दुखू लागते. "माझे वय झाले की संगीत बिघडले? आणि गेल्या चार-पाच वर्षांतले नेमके काय ऐकावे?" असे त्यांनी विचारले आहे.

प्रथम माझी बाजू सांगतो, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचे ते आपल्याला ठरवता येईल. मी कुडाळ तालुक्यात ध्वनिव्यवस्थेचा व्यवसाय करतो. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटकांना माइक लावणे, वर्षभर डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, साऊंड देणे आणि गणपतीच्या आधी भजनी बुवांचे रेकॉर्डिंग करणे यावर माझे घर चालते. घरामागच्या मांगरात, जिथे पूर्वी गवत आणि नांगर ठेवत असत, तिथे चिऱ्याच्या भिंतींना काथ्याच्या गाद्या लावून मी एक लहानसा स्टुडिओ केला आहे. डेथ मेटलचा बँड रेकॉर्ड करण्याचा योग मला कधी आलेला नाही. परंतु 1996 पासून मी हे संगीत सलग ऐकत आलो आहे, आणि चामड्याच्या वाद्यावर पडलेली थाप स्पीकरमधून बाहेर येईपर्यंत तिचे काय काय होते, हे माझ्या रोजच्या कामातले आहे.

आपला प्रश्न एक दिसतो, पण त्यात ज्यावर ऐकता ते यंत्र, अल्बम ज्या पद्धतीने रेकॉर्ड झाला ती पद्धत आणि बँडने केलेली रचना या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. दोष यंत्राचा असेल तर बँड बदलून काही साधणार नाही, आणि दोष रचनेचा असेल तर महागातले महाग हेडफोन घेऊनही उपयोग नाही. वयाचा भाग आहे का, याचे उत्तर मी देणार नाही, कारण माझेही पन्नाशीकडे झुकले आहे आणि मी त्या बाबतीत निष्पक्ष नाही.

यंत्राचे आधी उरकून घेऊ. नेहमीच्या सुरात लावलेल्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 82 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 82 कंपनांवर, वाजते. डेथ मेटलचे बहुतेक बँड ती आणखी खाली उतरवतात. 'बी' या स्वरापर्यंत उतरवली तर ती 62 हर्ट्झच्या आसपास येते, आणि बेस गिटारची तशीच तार 31 हर्ट्झच्या. मोबाइलच्या स्पीकरमधून 200 हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. म्हणजे या संगीताचा जो पाया, तो आपण ऐकतच नाही. उरतो तो किक ड्रमवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, मोगरी आपटण्याचा 'टक्' असा आवाज, जो 3 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि झांजांचा सळसळाट. असे उरलेले टाइपरायटरसारखे वाजणारच. गाडीत स्पीकर बरे असतात, पण चाकांची आणि इंजिनाची घरघर नेमकी खालचाच पट्टा खाऊन टाकते. त्यामुळे आवाज वाढवावासा वाटतो आणि वाढतो तो फक्त वरचा कर्कशपणा.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आली नसेल. झिजलेल्या कॅसेटीतून वरचे, धारदार आवाज आधी जातात. ज्या कॅसेटी आपण शेकडो वेळा वाजवल्यात त्या हळूहळू मऊ होत गेल्या आणि आपल्या स्मरणात तोच मऊ आवाज 'खरा' म्हणून बसला आहे. म्हणून एक साधी परीक्षा करून पाहावी. 'डेथ'चा 1991 चा 'ह्यूमन' त्याच मोबाइलवर, त्याच गाडीत लावा. तो आपण आतून-बाहेरून ओळखता. त्यातलेही ड्रम टकटक वाजले, तर नव्या बँडना दोष देण्याआधी वायरचे बरे हेडफोन घ्या. दोन-अडीच हजारांत कामापुरते मिळतात, आणि ते घेऊन रात्री बाग शांत झाल्यावर ऐका. तरीही फरक जाणवला, तर आपली तक्रार यंत्राच्या पलीकडची आहे, असे समजू.

आणि ती काही अंशी तशी आहेच, हे मी मान्य करतो. इथे माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी श्रावणात एका भजनी मंडळाचा गजर मी मांगरात रेकॉर्ड करत होतो. पाऊस कोसळत होता, हवा इतकी दमट की पखवाजाची पुडी सारखी उतरत होती. पखवाजवादक डाव्या पुडीवरची कणीक पुन्हा पुन्हा चापून बसवत होता आणि उजवीकडचे गठ्ठे ठोकून सूर चढवत होता. दुपारी रेकॉर्डिंग संपले आणि रात्री मी संगणकावर काम करायला बसलो. नवे सॉफ्टवेअर हाती आल्याचा उत्साह होता. प्रत्येक थाप मी लयीच्या आखलेल्या रेघेवर नेऊन बसवली, आणि ज्या थापा दबक्या पडल्या होत्या तिथे त्याचीच एक उत्तम थाप नक्कल करून चिकटवली. दुसऱ्या दिवशी ऐकवले तेव्हा बुवा खूश झाले. पखवाजवाल्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "ह्यो हात माझो न्हय."

त्याचे म्हणणे मला चार दिवसांनी कळले. गजर सुरू झाला तेव्हा लय मिनिटाला 100 मात्रांच्या आसपास होती आणि संपताना ती 140 च्या घरात पोचली होती. मी ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी टप्प्याटप्प्याने चढवली होती. त्याने ती भरतीच्या पाण्यासारखी चढवली होती, कुठे चढली ते दाखवता येणार नाही अशी. कोरस जोरात आला की तो किंचित पुढे सरकत होता, बुवांनी तान घेतली की मागे थांबत होता. शिवाय त्याच्या दबक्या थापा म्हणजे चुका नव्हत्या. त्या दबक्या होत्या म्हणूनच समेवरची थाप छातीत बसत होती. मी सगळ्याच थापा मोठ्या केल्यामुळे एकही मोठी उरली नव्हती. शेवटी मूळ रेकॉर्डिंग तसेच दिले.

डेथ मेटलमध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नेमके हेच मोठ्या प्रमाणावर झाले. संगणकावर ड्रम कापणे-जोडणे स्वस्त झाले, तसे प्रत्येक ठोका रेघेवर बसवणे आणि त्यावर आधीच रेकॉर्ड केलेला ठोका चढवणे ही सवय झाली. सगळे बँड सारखे वाटतात ते बऱ्याचदा यामुळे, कारण अनेकदा ड्रमचा आवाज खरोखरच एकाच पेटीतून आलेला असतो.

पण इथे घाईने निकाल देऊ नये. ट्रिगर, म्हणजे ठोका पडताच आधी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारे यंत्र, ही काही आजची लबाडी नाही. 'मॉर्बिड एंजल'चा ड्रमर पीट सँडोव्हाल नव्वदच्या दशकातच किक ड्रमला ट्रिगर लावत असे आणि त्याच कॅसेटी आपण प्रेमाने ऐकल्या आहेत. हिशेब करून पाहा. मिनिटाला 220 ठोक्यांची लय असेल आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग किकवर वाजत असतील, तर सेकंदाला साडेचौदाहून अधिक ठोके पडतात. इतक्या वेगात पायाला प्रत्येक ठोका सारख्या ताकदीने मारता येत नाही, आणि खाली उतरवलेल्या दोन गिटारी आणि बेस एकाच पट्ट्यात गर्दी करून बसलेले असताना किकचा नैसर्गिक 'धप्' त्यात बुडून जातो. तो 'टक्' थोडासा घातलाच नाही तर ड्रमर काय वाजवतो आहे ते कळणारच नाही. जत्रेच्या उघड्या मैदानात झांजांच्या गलक्यातून पखवाज वर काढायला मीही 3 हजार हर्ट्झच्या आसपास थोडे वाढवतोच. तेव्हा प्रश्न प्रमाणाचा आहे. नव्या अल्बममध्ये मी पहिल्यांदा काय शोधत असेन, तर स्नेअरवरचे, म्हणजे काठीने वाजवायच्या कडक आवाजाच्या लहान ड्रमवरचे, दोन लागोपाठचे ठोके एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात का, आणि वेग कमी झाल्यावर ड्रमर सैल होतो का. हे दोन्ही असेल तर बाकीचे बरेचसे आपोआप जमलेले असते.

या कसोटीवर आपल्याला पहिला अल्बम सुचवतो तो आपल्याच ओळखीच्या बँडचा, म्हणजे 'ऑबिच्युअरी'चा 'डाइंग ऑफ एव्हरीथिंग'. तो जानेवारी 2023 मध्ये आला. 1989 च्या 'स्लोली वी रॉट'वर गाणारा जॉन टार्डी आणि ड्रम वाजवणारा त्याचा भाऊ डोनाल्ड इथेही आहेत, ट्रेव्हर पेरेसची गिटारही तीच. हे लोक आता फ्लोरिडातल्या स्वतःच्याच स्टुडिओत रेकॉर्डिंग करतात, त्यामुळे घड्याळाकडे बघून काम उरकल्याची घाई त्यात नाही. डोनाल्ड टार्डी फार वेगवान ड्रमर कधीच नव्हता. त्याची खुबी मधल्या लयीत आहे, ठोका किंचित मागे ठेवून झोका देण्यात. 'द राँग टाइम' हे गाणे लावून नुसते स्नेअरकडे लक्ष द्या. माणूस बसून वाजवतो आहे हे कळेल. नवे काही सांगितले आहे का, असे विचाराल तर फारसे नाही. पण इतक्या वर्षांनी परतणाऱ्याला ओसरीवर ओळखीचा माणूस बसलेला असावा, तसा हा अल्बम आहे.

'कॅनिबल कॉर्प्स' आपल्या यादीत नव्हता, तरी सांगतो. 2021 च्या 'व्हायलन्स अनइमॅजिन्ड'पासून एरिक रुटान हा त्यांचा गिटारवादक झाला आहे. पूर्वी तो 'मॉर्बिड एंजल'मध्ये वाजवत असे आणि या बँडचे अल्बमही ध्वनिमुद्रित करत असे. 2023 चा 'केऑस हॉरिफिक' मला त्याआधीच्यापेक्षा किंचित कमी आवडला, पण दोन्हींत अॅलेक्स वेब्स्टरचा बेस स्वच्छ ऐकू येतो, आणि या संगीतात बेस ऐकू येणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे. मुखपृष्ठे मात्र घरात मुले असतील तर कपाटातच ठेवावीत.

आपली टाइपरायटरची तक्रार जिथे मला पूर्ण पटते तो अल्बम म्हणजे 'सफोकेशन'चा 2023 चा 'हिम्स फ्रॉम द अपोक्रिफा'. गिटारवादक टेरन्स हॉब्जचे रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, आजही अवघड आणि देखणे आहेत. गायक फ्रँक म्युलनच्या जागी आलेल्या रिकी मायर्सबद्दलही माझी तक्रार नाही. पण ड्रम इतके घासूनपुसून ठेवले आहेत की 1991 च्या 'एफिजी ऑफ द फरगॉटन'मधली ती तोल जाता जाता सावरण्याची धडपड त्यात उरलेली नाही. हे माझ्या कानाचे मत आहे. माझ्याहून तरुण ऐकणाऱ्यांना हाच अल्बम वर्षातला सर्वोत्तम वाटला आणि त्यांनाही कारणे देता येतात. ज्याला वेग आणि काटेकोरपणाच हवा आहे, त्याने तो जरूर ऐकावा.

याच्या अगदी उलट टोकाला 'ऑटॉप्सी' आहे. 'डेथ'चा पहिला अल्बम 'स्क्रीम ब्लडी गोर', 1987 चा, आपल्याला पाठ असेल; त्यावर ड्रम वाजवणारा क्रिस रायफर्ट तो हाच, आणि 'ऑटॉप्सी'त तो ड्रम वाजवता वाजवता गातोही. 2022 चा 'मॉर्बिडिटी ट्रायम्फंट' आणि 2023 चा 'अॅशेस, ऑर्गन्स, ब्लड अँड क्रिप्ट्स' हे दोन्ही ओलसर, मळकट, जाणूनबुजून गबाळे ठेवलेले अल्बम आहेत. लय मध्येच चिखलात रुतल्यासारखी मंदावते आणि मग एकदम सुटते. माझ्या पखवाजवाल्याला हे ड्रमिंग कळले असते.

'इमोलेशन'चा फेब्रुवारी 2022 मध्ये आलेला 'अॅक्ट्स ऑफ गॉड' याविषयी मी पुष्कळ लिहू शकेन, पण एवढेच लिहितो की तो लांब आहे, एका बैठकीत जड जातो, आणि गिटारवादक रॉबर्ट विग्नाच्या वाकड्यातिकड्या रिफना दुसरीकडे जोड नाही. पाच-पाच गाण्यांचे तुकडे करून ऐकावा.

आता ज्यांच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतले त्या तरुण बँडकडे येतो. आपण सोडून गेलात तेव्हा 'डेथ'चा 'द साऊंड ऑफ पर्सिव्हरन्स' आला होता, म्हणजे 1998. 'डेथ'चा संस्थापक, गायक आणि गिटारवादक चक शुल्डिनर 13 डिसेंबर 2001 रोजी गेला. त्याने 'ह्यूमन'पासून जी वाट धरली होती, म्हणजे क्रौर्य राखून त्यात गुंतागुंत आणि हळवेपणा आणणे, तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. त्याला माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर कॅनडातल्या टोरांटोच्या 'टूम मोल्ड' या तीन जणांच्या बँडने दिले. त्यांचा सप्टेंबर 2023 मधला 'द एन्ड्युअरिंग स्पिरिट' ऐका. सुरुवातीला नेहमीचा धुमाकूळ आहे, पण मध्येच गिटारवरचे डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, निघून जाते आणि जॅझसारखे मोकळे, स्वच्छ स्वर येतात. शेवटचे गाणे 11 मिनिटांहून मोठे आहे आणि त्याला घाई नाही. ड्रम वाजवणारा मॅक्स क्लेबॅनॉफ हाच गायक आहे. पखवाज वाजवता वाजवता बुवाची जागाही सांभाळायची म्हणजे काय, हे डबलबारी ऐकणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्याचा श्वास आणि त्याचे हात एकाच शरीरातले असल्यामुळे शब्द संपतो तिथेच ठोका वळतो, आणि हे कुठल्याही सॉफ्टवेअरने जमवता येत नाही.

दुसरा बँड अमेरिकेतल्या डेन्व्हरचा 'ब्लड इन्कॅन्टेशन'. 2019 चा त्यांचा अल्बम त्यांनी संगणकाऐवजी टेपवर रेकॉर्ड केला होता, आणि ऑक्टोबर 2024 मधला 'अॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' त्यांनी बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केला. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या सत्तरच्या दशकातल्या कामामुळे नाव झालेला तोच हा स्टुडिओ. या अल्बममध्ये दोनच रचना आहेत, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', प्रत्येकी तीन भागांच्या आणि वीस मिनिटांच्या पुढच्या. पहिल्या रचनेच्या मधल्या भागात 'टँजरीन ड्रीम' या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग सिंथेसायझर वाजवतो. डेथ मेटल, मग अवकाशात तरंगत ठेवणारे सत्तरच्या दशकातले रॉक, मग पुन्हा डेथ मेटल, असा हा प्रवास आहे. अनेकांना ही खिचडी वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण माझ्या धंद्यात आहे. दशावतारी नाटकात आधी आडदशावतार होतो, गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर येऊन जातात, रात्र संथ असते, लोक चहा पिऊन येतात. मग आख्यान लागते आणि युद्धाचा प्रसंग येतो तेव्हा पेटी-पखवाज-झांजा एकदम अंगावर येतात. ती संथ वेळ कापून टाकली तर युद्धाला काही अर्थ उरत नाही. 'द स्टारगेट'मधली तरंगती मिनिटे पुढे पळवून टाळू नका, एवढीच विनंती. शिवाय यातल्या आयझॅक फॉकच्या ड्रमला खोली आहे. खोली म्हणजे ज्या दालनात वाजवले त्या दालनाचा आवाज. टाइपरायटरचा प्रश्नच येत नाही.

तिसरा बँड न्यूझीलंडचा 'अल्सरेट', हेही तिघेच. जून 2024 मधला 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' हा गेल्या पाच वर्षांतला मी सर्वाधिक वेळा ऐकलेला अल्बम आहे. जेमी सेंट मेराट हा त्यांचा ड्रमर बँडचे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगही स्वतःच करतो, आणि ते ऐकू येते. स्नेअरवर अगदी हलके, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके आहेत, झांज हळूच उचलून धरली आहे, आणि ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान सलग मारा, चालू असतानाही डाव्या हाताची ताकद कमीजास्त होत राहते. मायकेल हॉगर्डची गिटार रिफ वाजवण्यापेक्षा एकमेकांना खटकणारे स्वर एकावर एक रचत जाते. उधाणाच्या वेळी खाडीच्या तोंडाशी आत शिरणारे आणि बाहेर पडणारे पाणी एकमेकांना भिडते तेव्हा पृष्ठभाग जसा जागच्या जागी उकळतो, तसे ते ऐकू येते. पण हा अल्बम पहिल्या दिवशी ऐकू नका. पहिल्या ऐकण्यात त्यात पकडायला काहीच सापडत नाही. मलाही चौथ्या खेपेला सापडले. आपल्या डोकेदुखीवर हा उपाय खासच नव्हे.

ज्यांना एवढे डोके घालायचे नाही आणि मान हलवायची आहे, त्यांच्यासाठी स्वीडनची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1990 मध्ये 'एन्टूम्ड'ने स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गकडे 'लेफ्ट हँड पाथ' केला तेव्हा 'बॉस' कंपनीचे एचएम-2 हे गिटारचा आवाज बदलणारे पेडल वापरून, त्याची सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवून, करवतीसारखा आवाज काढला. ते पेडल 1983 ते 1991 एवढेच निघाले, नंतर मागणी पाहून कंपनीने ते नव्या रूपात पुन्हा आणले. माझ्या धंद्यात असा फाटका आवाज आला तर बुवा मला व्यासपीठावरून खाली बोलावतील; इथे मात्र सगळी मजा त्या फाटण्यातच आहे. आज हा आवाज अमेरिकेतले तरुण बँड आवडीने वापरतात. अॅरिझोनाच्या 'गेटक्रीपर'चा 2024 चा 'डार्क सुपरस्टिशन' त्यातला सोपा आणि गुणगुणता येण्याजोगा आहे. 'अनडेथ'चा त्याच वर्षीचा 'मोअर इन्सेन'ही बरा. फार खोल नाही, पण रंगतो.

गायनाबद्दल आपण काही विचारले नाही, तरी घरातली माणसे ते आपल्याला विचारतीलच. एकदा मांगरात 'ऑबिच्युअरी' लागलेले असताना एक वयस्क बुवा पेटी दुरुस्तीला घेऊन आले. थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारले, "हेचो आवाज घशातसून येता की पोटातसून?" प्रश्न अचूक होता. चांगला डेथ मेटल गायक घसा खरवडत नाही. खालून श्वासाचा दाब देतो आणि स्वरयंत्राच्या वरच्या घड्या कंपन पावू देतो, म्हणूनच तीस-तीस वर्षे गाऊ शकतो. शब्द कळत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण डबलबारीत गजर शिगेला पोचतो तेव्हा कोरसचे शब्द तरी कुठे कळतात? व्यंजने ठोक्यासारखी पडतात आणि आपण त्यावर डोलतो.

आपल्या देशातले काही ऐकावे का? जरूर. हैदराबादच्या 'गॉडलेस'चा 2021 चा 'स्टेट्स ऑफ केऑस' नेटका आणि कडक आहे. मुंबईचा 'गटस्लिट' हा अधिक क्रूर वळणाचा; त्याची सवय व्हायला वेळ लागतो. आणि चार-पाच वर्षांची अट मोडून एक सांगतो. मुंबईच्याच 'डेमॉनिक रेझरेक्शन'ने 2017 मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम काढला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणे. काटेकोर अर्थाने तो शुद्ध डेथ मेटल नाही. त्यात कीबोर्डचे भरजरी पडदे आहेत आणि स्वच्छ गळ्याचे गायनही आहे. पण चिपळूणजवळच्या परशुरामाच्या डोंगरावरून गाडी नेताना त्यातले परशुरामाचे गाणे लावल्यावर मला जे वाटले ते फ्लोरिडाच्या कुठल्याही बँडने दिलेले नाही. यात ममत्वाचा भाग आहे, हे कबूल.

काय ऐकावे हे अखेर आपण पूर्वी कशासाठी ऐकत होतात यावरही अवलंबून आहे. 'ऑबिच्युअरी'तली जड, डुलणारी लय आवडत असेल तर 'ऑटॉप्सी' आणि 'गेटक्रीपर'कडे जावे. 'मॉर्बिड एंजल'मधला विचित्रपणा आवडत असेल तर 'इमोलेशन' आणि मग 'अल्सरेट'. 'डेथ'चे शेवटचे अल्बम आवडत असतील तर 'टूम मोल्ड' आणि 'ब्लड इन्कॅन्टेशन'. तिन्ही आवडत असतील तर आधी हेडफोन, मग 'डाइंग ऑफ एव्हरीथिंग', मग आठवडाभराने 'द एन्ड्युअरिंग स्पिरिट' असा क्रम ठेवावा. एका दिवशी एकच अल्बम. दोन-तीन दिवसांनी कलमांना पाणी देताना एखादा रिफ आपोआप ओठांवर आला तर तो अल्बम आपला. आला नाही तर यादीतून खोडून टाकावा, बँड कितीही नावाजलेला असो.

विकत घ्यायचे झाल्यास एक व्यवहाराची गोष्ट. परदेशातून तबकडी मागवण्याचा मोह होईल, मुखपृष्ठे देखणी असतात, पण आपल्या किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिच्या पुठ्ठ्याच्या पाकिटाला बुरशी लागते, आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरून ती भलतीच महाग पडते. माझ्याकडच्या सहा तबकड्यांची पाकिटे एका पावसाळ्यात गेली. कॅसेटीही पुन्हा निघू लागल्या आहेत. त्यांचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. बँडकॅम्प या संकेतस्थळावरून फाइल विकत घ्यावी, पैसे बऱ्यापैकी थेट बँडला पोचतात. सीडीच हवी असेल तर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी आणि दिवाळीत पुड्या बदलाव्यात.